पुरणपोळीला कायटोसानची फिल्म: आठ महिने वापरून

नागपुरात धरमपेठेत घरूनच पुरणपोळी आणि सांबारवडीच्या (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) ऑर्डरी घेते. पावसाळ्यात पोळीवर तिसऱ्या दिवशी बुरशी धरायची, म्हणून यंदा एप्रिलमध्येच कायटोसान नावाच्या पदार्थाची ही जंतुरोधक, मातीत कुजणारी फिल्म मागवली. साध्या पिशवीच्या जवळपास चौपट भाव. पिवळसर, बटर पेपरपेक्षा मऊ आणि लवंगेच्या तेलाचा वास. पुरणात जायफळ-वेलची असतेच, त्यात तो खपून गेला. वडीत नाही खपला. "सांबार कमी, लवंगच जास्त लागते," असं घरातच ऐकल्यावर वडी पुन्हा जुन्या डब्यात गेली.

मे महिन्यात माळ्यावर ठेवलेला रोल पापडासारखा तडकला. वैतागून कूलरच्या खोलीत आणून टाकला, तर दोन दिवसांत पुन्हा वळायला लागला! ही फिल्म हवेतलं पाणी पिते. त्यामुळे जुलैत उलटं झालं, लिबलिबीत होऊन पोळीलाच चिकटायला लागली. आता रोल घट्ट झाकणाच्या डब्यात असतो आणि पोळी पूर्ण गार झाल्याशिवाय मी गुंडाळत नाही.

बुरशीचं म्हणाल तर श्रावणात एकाच घाण्याच्या पोळ्या दोन्हींत ठेवून पाहिल्या. साध्या पिशवीतली तिसऱ्या दिवशी गेली. फिल्ममधली चौथ्या दिवशी वरून स्वच्छ होती, पण घडी उलगडली तर आत मोहरीएवढा हिरवट ठिपका. जिथे फिल्म टेकते तिथेच तिचं काम. तेव्हापासून पोळी घडी न घालता, दोन पोळ्यांत एक तुकडा घालून देते. दीड दिवस जास्त मिळतो, एवढंच. फ्रिज आणि कोरडे हात सुटत नाहीत.

खरा घोळ चातुर्मासात झाला. महाल भागातल्या एका काकूंनी विचारलं, "ही पिशवी कशाची असते गं?" मला सांगता येईना. विक्रेत्याला फोन केला. "मॅडम, नैसर्गिक आहे," यापुढे गाडी सरकेना. तिसऱ्या फोनला कबूल केलं: यातलं कायटोसान कोळंबीच्या कवचापासून काढलेलं. अरे बाप्पा, मी सोवळ्यातल्या नैवेद्याच्या पोळ्या यात दिल्या होत्या! शिवाय कुणाला कोळंबीची ॲलर्जी असली तर? रोलवर याबद्दल एक अक्षर नाही. या एका गोष्टीसाठी मी दोन तारे कापले. काकूंना फोन करून खरं सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प होत्या, मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी केळीच्या पानात दे."

कुजण्याची बाब मात्र खरी निघाली. तुळशीशेजारच्या कुंडीत पुरलेली फिल्म सहा आठवड्यांत शोधूनही सापडली नाही. सोबत पुरलेली 'कंपोस्टेबल' लिहिलेली पीएलएची (वनस्पतीजन्य प्लास्टिकची) बाहेरची पिशवी जशीच्या तशी. तिला कुजायला मोठ्या खत प्रकल्पातली साठेक अंशांची ऊब लागते, कुंडीत कुठली मिळायला.

कायटोसान बुरशीपासूनही काढतात, म्हणजे बुरशी रोखायला बुरशीच. तसा रोल आता दुसरीकडून मागवलाय. महाग आहे, पण कशापासून केलाय ते आधी लिहून घेतलं, मगच पैसे पाठवले. केळीची पानंही आणून ठेवलीत, काकूंची संक्रांतीची ऑर्डर आहे.