शेतातली घुबडपेटी: भोक मोजा, त्याहून आधी खोली मोजा

ऊस, गहू, भुईमूग असलेल्या शेतात उंदरांवर गव्हाणी घुबडाइतका चोख इलाज दुसरा नाही. इस्राएलमध्ये १९८३ पासून शेतात घुबडपेट्या उभारतात, मलेशियात पामतेलाच्या बागांमध्येही. आपल्याकडे हे घुबड आधीपासून आहेच. पडक्या वाड्यात, जुन्या विहिरीच्या कपारीत राहतं. वाडे पडले, विहिरी बांधून काढल्या, ढोलीची झाडं तुटली, म्हणून पेटीची गरज पडते.

आता विकत मिळणाऱ्या पेट्यांबद्दल. बहुतेक पेट्या चिमणीच्या पेटीलाच मोठं करून केलेल्या असतात आणि तिथेच फसतात. भोक साधारण १३ ते १५ सेंमी हवं. पण खरी मेख खोलीत आहे: भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत निदान ४५ सेंमी अंतर हवं. ते २० सेंमी असलं की भुकेली पिल्लं दारात गर्दी करतात आणि उडता येण्याआधीच खाली पडतात. खाली पडलेल्या पिल्लाला आईबाप सहसा भरवत नाहीत; ते मांजराच्या नाहीतर मुंगसाच्या तोंडी जातं. तळ ४० बाय ६० सेंमी असावा, कारण अंडी ४ ते ७ असतात आणि पिल्लं सुमारे दोन महिने आतच असतात.

पत्र्याची पेटी घेऊच नका, एप्रिल-मेमध्ये तिची भट्टी होते. वॉटरप्रूफ प्लायवूडची, बाहेरून फिकट रंग दिलेली, छप्पर पुढे आलेलं, तळाला पाणी निथळायला भोकं आणि मागे साफसफाईचं दार, अशी पेटी गावचा सुतारही करून देतो. वरची मापं कागदावर लिहून दिली तर बहुतेक तयार पेट्यांपेक्षा तीच सरस निघते. आत पेंढा घालू नका. घुबड स्वतःच्याच ओकाऱ्यांच्या थरावर अंडी घालतं. उंदरांच्या केसांच्या आणि हाडांच्या त्या काळपट गोळ्या दिसल्या की पेटी लागली समजा.

पेटी ४ मीटर उंच जीआय पाइपवर बसवावी, भोक पावसाळी वारा ज्या बाजूने येतो तिच्या उलट बाजूला. पाइपला दीड मीटर उंचीवर ६० सेंमी रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला की मांजर आणि साप अडतात. हमरस्ता आणि विजेच्या तारा टाळा. हे घुबड खालून उडतं आणि गाड्यांना धडकतं. साळुंक्या किंवा मधमाश्या आधी घुसतात, त्यामुळे दोन पेट्या लावलेल्या बऱ्या. घुबड यायला वर्षही लागू शकतं.

ब्रोमॅडिओलोन हे उंदरांचं विष चालू ठेवून पेटी लावणं मात्र क्रूरपणा आहे. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो. घुबडाला तोच आधी सापडतो, तोच पिल्लांच्या पोटात जातो आणि अंतर्गत रक्तस्राव होऊन अख्खं घरटं संपू शकतं. आधी विष थांबवा, मग पाइप रोवा. मोठी घूस घुबडाला झेपत नाही, तिच्यासाठी पिंजराच लावावा.

बांध पेटवू नका. दोन मीटर रुंद गवताचा पट्टा राखला तर पीक निघाल्यावरही घुबडाला शिकार मिळते. साफसफाई वर्षातून एकदाच, पेटी रिकामी असताना, तोंडाला मास्क आणि हातमोजे घालून. अंड्यांना हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबडाला संरक्षण आहे.