डावा हात, स्मॉल ग्रिप आणि १,३१,८५० रुपये

आधी आकडा सांगून टाकते, कारण तो लपवून लपवून मला पित्त झालंय. १,३१,८५० रुपये. एवढ्याला मी जाहिरात बघून जुनं एअर पिस्तूल घेतलं आणि फसले. पिस्तुलाचे १,१५,०००, ग्रिप (म्हणजे मूठ) माझ्या हाताप्रमाणे करून द्यायचे १४,५००, आणि पॅकिंग, कुरिअर, विमा म्हणून २,३५०. घरी अजून ‘ऐंशीच्या आसपास’ एवढंच माहीत आहे. हे वाचून कळलं तर कळू दे.

आणि फसली कोण? सांगलीतल्या एका पतसंस्थेत सोनंतारणाच्या टेबलावर अकरा वर्षं बसलेली बाई. पाटली हातात घेतली की आत लाख किती भरलीय याचा मला अंदाज येतो. खोटे हॉलमार्क तीनदा पकडलेत, त्यातला एक तर संचालकांच्या साडूचा. तेव्हा ‘बायकांना यातलं काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. मला सोनं कळतं. पिस्तूल विकणाऱ्या माणसाला माझी नड कळली होती.

नड अशी. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य घेतलं आणि आमच्या भागात ज्याच्या त्याच्या पोराला नेमबाज व्हायचं झालं. भाच्याला नेमबाजीच्या रेंजवर सोडायला जात होते. एक दिवस तिथले शिकवणारे सर म्हणाले, ‘ताई, बसून काय करता, धरून तर बघा.’ धरलं, आणि तिथंच अडकले. १० मीटर एअर पिस्तूल. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. हसा.

पण मी डावखुरी, आणि हात लहान. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेमतेम १६ सेंटिमीटर. रेंजवरची पिस्तुलं सगळी उजव्या हाताची, मीडियम. ज्यांनी मॅचचं पिस्तूल कधी धरलेलं नाही त्यांना यातली अडचण कळणार नाही. ती साधी मूठ नसते. लाकडात आख्खा तळवा कोरलेला असतो, अंगठ्याला जागा, बोटांना खाचा, खाली तळव्याला टेकू देणारी पाम शेल्फ. उजव्याची ग्रिप डाव्या हातात जातच नाही. एक मुलगी डावखुरी होती, तिचं पिस्तूल सरांनी मला चार दिवस मागून दिलं. ते होतं लार्ज. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात करंगळी जाईल एवढी फट, आणि ट्रिगरपर्यंत बोटाचं नुसतं टोक पोहोचायचं. पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर यायला हवा, तेव्हा तो सरळ मागे येतो. टोकानं ओढलं की नळी बाजूला ढकलली जाते. माझे सगळे छरे उजवीकडे. लक्ष्याचं मधलं, दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, तिथं हे असलं चालत नाही.

सरांची परीक्षा साधी आहे. पिस्तूल धरायचं, डोळे मिटायचे, हात वर न्यायचा, डोळे उघडायचे. मागच्या खाचेत पुढची साइट (नेम धरायची खूण) मधोमध दिसली तर ग्रिप तुमची. मनगट वळवून ती मधोमध आणावी लागली तर दुसऱ्याची. (विकत घेण्यापूर्वी हे करा. हातात न घेता पिस्तूल घेऊच नका. मी घेतलं.)

नवं घ्यायचं तर डावं, स्मॉल, कुणाकडे तयार नव्हतं. मागवून कधी येईल याची कुणी खात्री देईना, आणि किंमत दोन लाखांच्या वर. अशात शूटिंगच्या एका ग्रुपवर जाहिरात आली: स्टायर एलपी १०, लेफ्ट हँड, स्मॉल, कमी वापरलेलं. मी दोन मिनिटांत फोन केला. तो म्हणाला, ‘दीदी, लेफ्ट में स्मॉल आपको पूरे इंडिया में नहीं मिलेगा.’ हे खरंच होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं. स्वतःला मध्य प्रदेशातल्या महूकडचा म्हणायचा. महूला लष्कराचं नेमबाजीचं केंद्र आहे हे मला ठाऊक. ते नाव ऐकल्यावर माझी अर्धी शंका तिथंच मेली.

आणि बोलणं काय! माझ्या हाताचा आराखडा मागवला. कागदावर हात ठेवून पेन्सिल उभी धरायची, तिरकी नाही, बोटं किंचित फाकवलेली, तळव्याची रुंदी वेगळी लिहायची. दुपारी सराव झाल्यावर काढा, तेव्हा हात थोडा सुजलेला असतो, म्हणाला. खरा ग्रिप करणारा माणूस हेच सांगतो, नंतर सरांनाही विचारलं. त्याला धंदा येत होता. ज्याला काही येत नाही असा माणूस मला फसवूच शकला नसता.

आता ज्यासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालते, ते.

त्यानं चार फोटो पाठवले. रात्री साडेदहाला मी ते मोठे करकरून बघत होते. अंगठ्याची जागा उजव्या बाजूला, म्हणजे डावीच ग्रिप, बरोबर. पाम शेल्फ, बरोबर. मग नळीच्या बाजूला कोरलेल्या अक्षरांवर आले, आणि ती वाचता येईनात. आरशात दिसतात तशी, उलटी. मी ती पाहिली. ‘पाहिली नाहीत’ असं म्हणायची मला सोयच नाही. पाच सेकंद थांबले आणि स्वतःशीच म्हटलं, सेल्फी कॅमेऱ्यानं काढला असेल.

सेल्फी! पिस्तुलाचा! भाचा नंतर म्हणाला, ‘आत्या, टेबलावर ठेवलेल्या वस्तूचा सेल्फी कोण काढतं गं?’ सोळा वर्षांचं पोरगं. उजव्या हाताच्या पिस्तुलाचा फोटो त्यानं नुसता उलटा केला होता, आणि झालं ते डाव्या हाताचं. मोबाइलमध्ये दोन टिचक्यांचं काम. समोर कुणी असली पाटली ठेवली असती आणि शिक्का उलटा दिसला असता, तर मी शिपायाला दार लावायला सांगितलं असतं.

व्हिडिओ कॉल मागितला नाही का? मागितला. दोनदा. एकदा मोबाइलला रेंज नव्हती, एकदा त्याच्या आईचं डायलिसिस. आईचं नाव काढल्यावर आपण गप्प होतो. तुम्ही होऊ नका. आणि फोटोत त्या दिवशीचं वर्तमानपत्र वस्तूशेजारी ठेवायला सांगा, म्हणजे उलटा केलेला फोटो मथळ्यातच सापडतो.

पैसे तीन वेळा गेले. टोकन ५,०००. मग ७०,०००. मग कुरिअरची पावती आल्यावर ५६,८५०. शेवटचा हप्ता १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी. त्यावर त्याचा मराठीत निरोप: तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.

खोकं आलं. वरून सुरेख. पेटी, फोम, अक्रोडाच्या रंगाची चकचकीत ग्रिप. हातात घेतली आणि तळव्याला काहीतरी टोचलं. मला वाटलं नवी आहे, रुळेल. तिसऱ्या दिवशी सरावानंतर हात उघडला तर तळवा तपकिरी. घामानं पॉलिश सुटलं होतं. सरांनी पेननाइफनं एक कोपरा खरवडला, तर खाली करडं एम-सील. उजव्या हाताचीच ग्रिप, एका बाजूनं कानशीनं तासलेली, दुसऱ्या बाजूला एम-सील थापून अंगठ्याची जागा केलेली, वर रंग. स्क्रू काढून आत बघितलं तर साइज छापलेला: एम. आराखडा त्यानं बहुतेक उघडूनसुद्धा बघितला नसेल. त्यातून पाम शेल्फ वर वळवून ठेवलेली. ग्रिपनं हाताला असा वेढा घातलेला नियमात चालत नाही, स्पर्धेआधी साहित्य तपासतात त्या इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावरूनच परत पाठवलं असतं.

मग सर म्हणाले, ‘सिलिंडरवर ही टेप कसली?’ काळी टेप, व्यवस्थित गुंडाळलेली. मी पकडीसाठी असेल म्हणून काढली नव्हती. (माझ्या ‘असेल’ या शब्दावरूनच लेखाचं नाव ठेवायला हवं होतं.) टेपखाली तारीख. या हवेच्या सिलिंडरांना दहा वर्षांची मुदत असते, आत २०० बारचा दाब असतो, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, ती जबाबदारी खेळाडूची. माझ्याकडचं २००९ सालचं. मी ते तीन दिवस गालापासून दोन हातांवर धरत होते, शेजारी भाचा उभा. पैशांचं मी एक वेळ गिळीन, हे नाही. जुनं पिस्तूल घेताना आधी सिलिंडरची तारीख बघा, ग्रिप, रंग, ट्रिगर सगळं नंतर. नव्या सिलिंडरचे मला २२,००० सांगितलेत.

फोन केला. आधी ‘बदलून देतो’, मग ‘आई ॲडमिट’, मग बंद. बारा दिवस मी त्याच्या ‘बदलून देतो’वर बसले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे खात्यात अडवता येतात. बाराव्या दिवशी केला तर तक्रार क्रमांक मिळतो. माझ्याकडे क्रमांक आहे.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. बरोबर आहे, मीच टाकलाय.

मग पोलीस ठाणं. पहिलं वाक्य मी उच्चारलं, ‘पिस्तूल घेताना माझी फसवणूक झाली,’ आणि हवालदारांनी पेन खाली ठेवलं. ‘लायसन?’ मी सांगितलं, ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही, आणि हे त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. ‘ते साहेब ठरवतील.’ साहेब बंदोबस्ताला. मी आलेय फसवणुकीची तक्रार द्यायला आणि दीड तास मलाच विचारणा: कशाला लागतं, मिस्टरांना माहीत आहे का, घरी भांडणं वगैरे? आधार कार्डाच्या दोन प्रती माझ्याच घेतल्या. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. मी म्हटलं, उलटा फोटो दाखवून खोटी वस्तू दिली, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही का? ‘वकील आहात?’ नाही, पतसंस्थेत आहे. ‘मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं.’

हे वाक्य मला सहा जणांनी ऐकवलंय. मला कळायला हवं होतं. बरं. मग तुमचं काम काय?

सायबरवाल्यांनी ठाण्यात पाठवलं, ठाण्यानं सायबरला. आरोपी परराज्यातला म्हणून तिकडे जा, असंही झालं. गुन्हा कुठेही घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, ही झिरो एफआयआरची तरतूद आता कायद्यातच आहे, हे मीच वाचून दाखवलं. पाचव्या फेरीत तक्रार लिहून घेतली. त्यात वस्तूचं वर्णन: ‘छऱ्याची बंदूक, एक नग, मोडकी.’ मोडकी नाही हो, म्हटलं. ‘चालत नाही ना? मग मोडकीच.’ ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, तो धंदा म्हणून विकणारा विक्रेता आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, एकदा जुनी वस्तू विकणारा माणूस म्हणजे दुकान नव्हे.

ते सिद्ध करायची संधी गेल्या आठवड्यात आली असं मला वाटलं. दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्या नंबरावरून, मला पाठवलेलाच पिस्तुलाचा फोटो. तोच टेबलावरचा निळा फुलाफुलांचा कपडा, तीच काळी टेप. फक्त या वेळी जाहिरात ‘राइट हँड, मीडियम’ची, म्हणून फोटो सरळ. मी दोन्ही फोटो छापून, शेजारी शेजारी चिकटवून ठाण्यात नेले. हवालदारांनी चष्मा लावून नीट बघितले, नव्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘यात तर अक्षरं सरळ आहेत, मॅडम. मग यात काय खोटं आहे?’