ग्राउससाठी पायवाट धरावी की ॲस्पेनच्या दाटीत शिरावं?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात पहिल्यांदाच रफ्ड ग्राउसच्या, म्हणजे कोंबडीसारख्या एका रानपक्ष्याच्या, शिकारीला निघालेले लोक बंदुकीवर तासन्‌तास बोलतात आणि चालायचं कुठून हे रानात पोचल्यावर ठरवतात. माझं म्हणणं, ते आधी ठरवा. वाटा दोनच आहेत: शिकाऱ्यांसाठी गवत कापून राखलेल्या पायवाटा, नाहीतर तोड होऊन दहा-वीस वर्षं झालेली ॲस्पेनच्या झाडांची दाटी.

पक्षी राहतो दाटीत. ॲस्पेन तोडला की त्याच्या मुळांतूनच असंख्य धुमारे फुटतात आणि काही वर्षांत मनगटाएवढ्या खोडांचं गच्च रान उभं राहतं. गोशॉकसारख्या शिकारी पक्ष्याला तिथे झेप घेता येत नाही, म्हणून ग्राउस तिथे निर्धास्त असतो. हिवाळ्यात मात्र त्याला जुन्या नर ॲस्पेनच्या फुलकळ्या लागतात. कोवळं आणि जुनं रान शेजारीशेजारी असावं, हे मिनेसोटातल्याच क्लोके इथे वर्षानुवर्षं संशोधन करून ग्राउसचे अभ्यासक गॉर्डन गलियन यांनी दाखवून दिलं. नकाशावर मी आजही आधी ही सीमारेषाच शोधतो.

पण त्या दाटीत नेम साधणं फार अवघड. पायापासून फर्रर्र करत पक्षी उठतो, बंदूक खांद्याला लागेपर्यंत खोडांआड जातो. नळी फांदीला अडकते ते वेगळंच. पॉइंटर किंवा सेटर कुत्रा सोबत असेल तर जरूर शिरा, कारण पक्षी कुठे दडलाय हे तो आधीच दाखवतो. कुत्रा नसेल तर कित्येक पक्षी दबा धरून तुम्हाला पुढे जाऊ देतात. त्यावर एक उपाय आहे: पंधरा-वीस पावलं चाला, थांबा, अर्धा मिनिट निश्चल उभे राहा. ही शांतता त्याला सहन होत नाही, तो उडतो.

पायवाटेवर ग्राउस येतो तो क्लोव्हर या तिपानी गवताची पानं खायला आणि पोटात दळणासाठी लागणारे खडे टिपायला, बहुतेक सकाळी नाहीतर दिवस मावळताना. मारलेल्या पक्ष्याची गळ्याजवळची अन्नपिशवी उघडून पाहा. हिरवीगार क्लोव्हरची पानं निघाली तर उरलेला दिवस वाट सोडू नका. रानफळं किंवा कळ्या निघाल्या तर आत वळा. शनिवार-रविवारी मात्र वाटा तुडवलेल्या असतात, दुपारी तर हाती काहीच लागत नाही.

हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो, पण तेव्हा पानांमुळे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. रजा एकदाच मिळणार असेल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतरची घ्या.

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे तिथून आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती बंदूक पहिल्यांदा इथे अमेरिकेतच येते. 1979 नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे; माझ्या मते तो सगळ्यांनीच करावा. व्हिसावर असाल तर बंदुकीचे नियम वेगळे आहेत, ते आधी तपासा. अंगात भडक केशरी जॅकेट हवंच, दाटीत तर दुप्पट हवं, कारण सोबती दहा हातांवर असला तरी दिसत नाही.

पहिल्या वर्षी, कुत्रा नसताना, मी पायवाटच सुचवीन. फक्त कोवळ्या ॲस्पेनला लागून जाणारी निवडा, आणि सूर्य उगवायच्या आत तिच्या तोंडाशी पोचा.