परभणी, वसमत रोडचं मेडिकल: लेकराचं औषध घ्यायचं तर इथंच या (५ पैकी ४ स्टार)
डिस्काउंट मागितलं तर सरळ नाही म्हणतात, अन् संध्याकाळी गर्दीत बराच वेळ उभं राहावं लागतं. तरी घरात लहान लेकरू असलं तर मी सगळ्यांना इथंच पाठवते, कारण स्टेरॉइडच्या औषधाची इतकी काळजी मी दुसरीकडं कुठं बघितली नाही.

माझ्या भाच्याला बालदमा आहे, सोयाबीनच्या राशी चालू झाल्या की धुळीनं त्याची छाती भरते. यंदा डॉक्टरनी ५ दिवसांसाठी प्रेडनिसोलोनचं, म्हणजे स्टेरॉइडचं, सिरप लिहून दिलं, वजन १२ किलो म्हणून रोज १२ एमजी. काउंटरवरच्या दादांनी दोन बाटल्या समोर ठेवून दाखवल्या, एक ५ एमएलला ५ एमजीवाली अन् दुसरी ५ एमएलला १५ एमजीवाली, नाव जवळपास तेच. पहिलीतून १२ एमएल द्यावं लागतं, दुसरीतून फक्त ४. म्हणजे बाटली बदलली अन् एमएल तेच ठेवलं की डोस एकतर तिप्पट जातो नाहीतर पुरतच नाही! चिठ्ठीशी दोनदा ताडून बाटली दिली, सोबत खुणांची सिरिंज दिली, घरातला चमचा वापरू नका म्हणले, सकाळी खाल्ल्यावर द्या, भूक वाढंल, चिडचिड करंल, घाबरू नका, एवढं सगळं सांगितलं.

पुढं परत खोकला झाला तर वहिनी तीच जुनी चिठ्ठी घेऊन गेली. दिलं नाही. "वहिनी, आधी लेकराला दाखवून या, साध्या सर्दी-खोकल्याला हे लागत नाही." वहिनीला राग आला, पण मला ते लई पटलं. शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं, तरी काही ठिकाणी नुसतं नाव सांगितलं की हातात देतात. सारखे सारखे कोर्स झाले तर उंची, हाडं, इन्फेक्शनशी लढायची ताकद सगळ्यावर परिणाम होतो. पण म्हणून दम्याच्या अटॅकमध्ये डॉक्टरनी दिलेलं सुद्धा भीतीनं न देणं हे पण चुकीचंच हो.

शेजारच्या पोरीला नेफ्रोटिकचा, म्हणजे किडनीचा त्रास, तिचा स्टेरॉइडचा कोर्स कित्येक आठवड्यांचा. तोंड सुजल्यासारखं गोल दिसायला लागलं म्हणून आईवडील औषध बंद करायला निघाले होते. इथं त्यांना थांबवून समजावलं की जास्त दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर शरीराला स्वतःचं हार्मोन लगेच बनवता येत नाही, लेकरू गळून जातं, जीवावर बेतू शकतं, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. उलट्या होऊन औषध पोटात टिकत नसलं किंवा कांजण्या झालेल्या लेकराजवळ गेली तर लगेच डॉक्टरला कळवा, अन् कुठली बी लस द्यायच्या आधी हा कोर्स चालू आहे हे सांगा, हे पण खोक्यावर पेनानं लिहून दिलं.

एक स्टार कापला तो रविवारी दुपारनंतर बंद असतं म्हणून. नेमकी तेव्हाच लेकरं आजारी पडतात, तेवढं बघा दादा.