ग्वाल्हेरच्या चढांसाठी इलेक्ट्रिक गाडी: सायकल, बिनलायसन्सची स्कूटी की नंबरवाली स्कूटर?

ग्वाल्हेर म्हणजे काही डोंगरातलं गाव नव्हे. मोरार, हजिरा, थाटीपूर, सिटी सेंटर इथले रस्ते बहुतेक सपाटच आहेत. पण लश्कर या भागात राहणाऱ्याला चढ चुकत नाही. कंपूकडून कॅन्सर पहाडी आणि मांढरे मातेचं देऊळ, स्टेशनकडे जाताना पडावचा पूल, आणि उरवाईकडून किल्ल्यावर जाणारी चढण, जी या सगळ्यांची आजी. त्यामुळे ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ असं शोरूमवाला सांगू लागला की ऐकून घ्यावं आणि बाजूला ठेवावं. आपल्याकडे गाडी रेंजपायी अडत नाही, जोरापायी अडते.

खात्रीसाठी हिशेब करून बघू. किल्ल्याचं पठार गावापेक्षा साधारण १०० मीटर उंच आहे. ७५ किलोचा माणूस आणि २५ किलोची सायकल तेवढं वर न्यायला २७ वॉट-तास लागतात. मोटर आणि तिला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये वाया जाणारं धरलं तरी ४०. ई-सायकलला ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-तासांची बॅटरी असेल तर ती होते ३६० वॉट-तासांची. म्हणजे सबंध किल्ला चढून बॅटरीचा नववा हिस्सा गेला. स्कूटरवर दोघं बसले तरी साडेतीन युनिटांच्या, म्हणजे साडेतीन हजार वॉट-तासांच्या, बॅटरीतले तीनेक टक्के जातात. दिवसाला बाडा, दाल बाजार, ऑफिस आणि घर एवढंच फिरणं असेल, तर रेंजची काळजी करायचं काही कारण नाही.

आता कायदा, कारण खरी गोम तिथेच आहे. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ते वाहन कायद्याने मोटारगाडी ठरत नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको, रोड टॅक्स नको. पॅडल मारायची ई-सायकल याच सवलतीत बसते आणि पोराटोरांसाठी, आजोबांसाठी म्हणून विकली जाणारी छोटी स्कूटीही. दोघींना मोटर तेवढीच. फरक इतकाच की सायकलवर मोटरच्या जोडीला आपले पाय असतात आणि ओढायचं वजन पंचवीस किलोचं असतं. स्कूटीवर पाय फळीवर ठेवलेले, आणि बॅटरीसकट वजन त्याच्या तिप्पट.

म्हणून चढासाठी बिनलायसन्सची स्कूटी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. १०० मीटरला ८ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर माणूस धरून १५० किलो ओढायचे असतील, तर २५० वॉटांत ताशी पाचेक किलोमीटर पदरात पडतात. म्हणजे शेजारून चालणारा माणूस तुमच्याशी गप्पा मारत येईल. कंट्रोलर थोडा वेळ जास्त करंट देतो खरा, पण मग मोटर तापते. मागे कुणाला बसवायचं तर नावच काढू नका. काही दुकानांत ‘कागदावर २५०, पण आत मोठी मोटर आहे’ असं डोळा मारून सांगतात. ती गाडी कायद्याने मोटारगाडीच झाली, आणि अपघात झाल्यावर ना कागद, ना विमा. सपाट कॉलनीत भाजी आणायला ही स्कूटी ठीक आहे, बाकी तिचा विषय इथेच संपवतो.

ई-सायकलमध्ये मात्र निवडीला बराच वाव आहे, आणि दिसण्यावर भाळून लोक फसतात तेही इथेच. आपल्या बाजारातल्या बहुतेक सायकलींना मोटर मागच्या चाकाच्या मधोमध, म्हणजे हबमध्ये असते. हीरो लेक्ट्रो, ईमोटोरॅड यांच्या नेहमीच्या मॉडेलांचंही तसंच. या मोटरला सायकलच्या गिअरचा काही उपयोग नसतो. गिअर फक्त तुमच्या पायांसाठी. तरी चढावर तेच कामाला येतात, कारण पाय जितके हलके फिरतील तितका वेग टिकतो, आणि वेग टिकला तर हब मोटर कमी तापते. फार हळू फिरणारी हब मोटर विजेची उष्णता जास्त आणि जोर कमी करते. तेव्हा सिंगल स्पीडची ई-सायकल, भले ती काळ्या मॅट रंगात कितीही देखणी दिसो, लश्करातल्या माणसाने घेऊ नये. सात गिअरची घ्यावी, आणि चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायची सवय लावावी.

दुसरी बघायची गोष्ट सेन्सर. स्वस्त सायकलीत पॅडल फिरतंय की नाही एवढंच कळणारा सेन्सर असतो. पॅडल थोडं फिरलं की मग मोटर जागी होते. सपाटीवर हे जाणवतही नाही. पण चढावर पुढची ई-रिक्षा अचानक थांबली, तुम्ही पाय टेकला, आणि आता पुन्हा निघायचंय. तेव्हा ते पहिलं अर्धं पॅडल स्वतःच्या दमावर मारावं लागतं. सायकल मागे सरकू पाहते, मागचा हॉर्न वाजवतो. पायाचा दाब ओळखणारा टॉर्क सेन्सर असेल तर दाब दिल्याबरोबर मोटर साथ देते. तो महाग पडतो. तो नसेल तर निदान हँडलवर एक्सलेटर तरी हवा, म्हणजे निघताना मोटर आधी आणि पाय नंतर असं करता येतं.

तिसरी गोष्ट चाकाची, आणि ही सहसा कुणी सांगत नाही. तोच जोर लहान चाकाला जास्त ढकलतो. ३५ न्यूटन-मीटर टॉर्कची (म्हणजे चाक फिरवण्याच्या जोराची) मोटर २७.५ इंची चाकाला साधारण १०० न्यूटनचा रेटा देते, २० इंची जाड टायरला १४० च्या आसपास. माणूस आणि सायकल मिळून १०० किलोला मघाच्याच, १०० मीटरला ८ मीटरच्या चढावर लागतात सुमारे ९०. म्हणजे ती घडीची, जाड टायरांची, पाहायला थोडी बोजड सायकल चढावर उंच देखण्या सायकलीला मागे टाकू शकते, अर्थात तिचं वजन फारच जास्त नसेल तर. लश्करातल्या उखडलेल्या गल्ल्यांत जाड टायर कमरेलाही बरे. साडी नेसून चालवायची असेल तर मधला दांडा खाली असलेली फ्रेम बघावी. घडीच्या सायकलींत ती आपसूकच मिळते.

नंबरवाल्या स्कूटरला चढाचं काही वाटत नाही, म्हणून तिथे थोडक्यात. टीव्हीएस आयक्यूबची मोटर चाकातच आहे, आवाज कमी आणि चेन-बेल्टची कटकट नाही. एथरची मोटर मधे असते आणि जोर बेल्टने चाकाकडे जातो. एथरची ४५०एक्स चढावर सगळ्यांत उत्साही आहे, पण तिची सीट तरुणांसाठी. घरच्यांना बसवायचं असेल तर त्याच कंपनीची रिझ्टा. बजाज चेतकची बॉडी पत्र्याची, गोलसर, आणि मला विचाराल तर तिघींत सगळ्यांत देखणी. १९७२ पासूनचं नाव आहे, त्यामुळे घरातले वडीलधारेही या खरेदीला आडवे येत नाहीत. वजनाला मात्र भारी, म्हणजे अरुंद बोळात हाताने वळवताना दमछाक. चढावर थांबल्यावर गाडी मागे सरकू न देणारी हिल होल्डची सोय प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक व्हेरियंटमध्ये नसते, ती नाव घेऊन विचारा.

उताराचं गणित वेगळं आहे. स्कूटरमध्ये एक्सलेटर सोडला की मोटर उलट काम करून बॅटरीत थोडी वीज परत भरते आणि ब्रेकचा भार हलका होतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर मात्र हा आधार कमी मिळतो. ज्याचं घर टेकडीवर आणि काम खाली, त्याने रात्री पूर्ण १०० टक्के भरू नये. सायकलच्या हब मोटरमध्ये बहुधा फ्रीव्हील असतं, म्हणजे चाक मोटरला न फिरवता मोकळं फिरतं, त्यामुळे परतीची वीज नाही आणि मोटरचा अटकावही नाही. उतरताना सगळी भिस्त ब्रेकवर. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच, आणि किल्ल्यावरून नेहमी उतरणार असाल तर पॅडवर नजर ठेवा.

चार्जिंगवरून निर्णय फिरू शकतो. जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली स्वतःचा प्लग नसेल, तर आयक्यूब, एथर, चेतक तिन्ही अडचणीच्या, कारण त्यांच्या बॅटऱ्या निघत नाहीत. हीरोच्या विडाची बॅटरी काढून वर नेता येते. ई-सायकलींत बॅटरी किल्लीने निघते की फ्रेममध्ये पक्की आहे, हे विकत घेण्याआधी दुकानात स्वतः काढून बघा. निघत असेल तर दोन ॲम्पिअरच्या चार्जरवर पाचेक तासांत भरते, खर्च अर्ध्या युनिटाहून कमी. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, उन्हातून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका. तासभर सावलीत गार होऊ द्या.

पैशाचं म्हणाल तर सायकल साधारण २५ ते ५० हजार, स्कूटर लाख ते दीड लाखाच्या आसपास. एकट्याने रोज पाच-सात किलोमीटर, घाम चालतो पण दम नको, वाटेत एखादा चढ: सायकल. मागे कुणाला बसवायचं, सामान आणायचं, किंवा घरच टेकडीवर: नंबरवाली स्कूटर, तिथे पैसे वाचवायला जाऊ नये. ग्वाल्हेरच्या वार्षिक व्यापार मेळ्यापर्यंत थांबावं का, असं दरवर्षी विचारतात. सरकारने मेळ्यात रोड टॅक्सची सवलत जाहीर केली, तर ती नंबरवाल्या गाडीलाच कामाची. तेव्हाही त्याच मॉडेलची ऑन-रोड किंमत मेळ्यात आणि शोरूममध्ये दोन्हीकडे लिहून घ्या. सायकलला मुळात रोड टॅक्सच नाही, तिच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. कॅन्सर पहाडीपर्यंत न्या, चढाच्या मधोमध थांबा आणि तिथून पुन्हा निघून बघा. स्कूटर असेल तर घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाला मागे बसवा. सायकल असेल तर एकदा मोटर बंद करूनही चढवा, कारण बॅटरी कधीतरी संपणारच. शेवटी मागच्या चाकाची वायर जिथे मोटरला जोडलेली असते तो जोड हाताने सुटतो का ते पाहा. सुटत असेल तर नाक्यावरचा सायकलवाला पंक्चर काढून देईल, नसेल तर तो हात लावणार नाही आणि प्रत्येक पंक्चरला सर्व्हिस सेंटर गाठावं लागेल.