मनोरीची बस, शेजारच्या पालिकेची

भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे गोराई-मनोरीकडे जाणाऱ्या मीरा-भाईंदर पालिकेच्या बसबद्दल लिहायचं तर आधी भूगोल सांगावा लागतो, कारण दादर-परळची माणसं सोडाच, खुद्द मालाडची माणसंही इथे गोंधळतात. मनोरी आणि गोराई ही दोन्ही गावं मुंबई महापालिकेत येतात. घरपट्टी मुंबईला, मतदान मुंबईत, गोराईचं तर वॉर्ड ऑफिस बोरिवलीत. पण बोरिवलीहून किंवा मालाडहून तिकडे जायला सरळ रस्ताच नाही. मध्ये खाडी आहे. मार्व्याला तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, पकडायची, नाहीतर गोराईच्या जेट्टीवरून बोट. पाण्यात उतरायचं नसेल तर दहिसरची हद्द ओलांडून ठाणे जिल्ह्यात शिरायचं, भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तन गाठायचं आणि तिथून दक्षिणेला वळून पुन्हा मुंबईत. मुंबईतून मुंबईत जायला मुंबईबाहेर पडावं लागतं, आणि तो फेरा मारून आणते ती शेजारच्या शहराची राजकारणाशी काही देणंघेणं नसलेली साधी बस.

माझं माहेर मनोरीचं, सासर मालाडचं. लहानपणी आम्हाला बसची गरजच वाटायची नाही. तर होती, आणि तरीवर सगळं चढायचं: सायकल, मोटरसायकल, बर्फाच्या लाद्या, लग्नाचा बँड. आजही तब्येत धडधाकट असेल आणि हवा नीट असेल तर तरीला तोड नाही, काही मिनिटांत पलीकडे. पण आईचे गुडघे गेले. ओहोटीला धक्क्यावरून खाली उतरताना तिचा हात धरला तरी माझ्याच पोटात गोळा येतो. पावसाळ्यात वारा सुटला की तर बंद, मग प्रश्नच मिटला. एकदा तिला घेऊन परत मनोरीला जायचं होतं म्हणून एका अ‍ॅपवरून गाडी बोलावली. चालकाने फोन करून विचारलं, ‘मॅडम, मनोरी म्हणजे मार्वे ना?’ मी नाही म्हटलं, उत्तनवरून जावं लागेल म्हटलं. पलीकडून फक्त ‘अच्छा’ आलं आणि गाडी रद्द. त्याचंही बरोबर असेल, परतीचं भाडं मिळायचं नाही त्याला. तेव्हापासून आई आणि मी मालाडहून विरार लोकल पकडतो, भाईंदरला उतरतो आणि बसने जातो.

आता बसविषयी. स्टेशनबाहेर पश्चिमेला जिथून ती सुटते तिथूनच चढावं, पुढच्या थांब्यावर बसायला मिळेल या भ्रमात राहू नये. सकाळी उशिराच्या फेरीला मासळी विकून परत निघालेल्या उत्तन-पालीच्या बाया असतात, रिकाम्या पाट्या एकात एक घातलेल्या. त्यांच्याशी जागेवरून वाद घालू नका, तुम्हीच हराल. कॉलेजची मुलं असतात, आणि रविवारी पॅगोड्याला निघालेली कुटुंबं, ज्यांना प्रत्येक थांब्यावर ‘आलं का?’ असं विचारायचं असतं. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९ साली खुला झाला, आठ हजार माणसं एका घुमटाखाली बसतील एवढा मोठा, आणि एस्सेलवर्ल्ड बंद झाल्यापासून तिकडची गर्दी मुख्यतः त्याचीच. तिथे शांततेसाठी जाणारी माणसं बसमध्ये केवढा आवाज करतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.

भाईंदर मागे पडलं की दोन्ही बाजूंना मिठागरं. मुर्धा, राई, मोर्वा या गावांत रस्ता अरुंद आहे, समोरून टँकर आला की बस थांबते, क्लीनर नसतोच, मग कंडक्टर खाली उतरून हात दाखवतो. डोंगरीपासून पुढे हवा बदलते. पावसाळा संपला की उत्तनच्या बाजूला वलांड्यांवर बोंबील लटकलेले दिसतात, आणि दिसायच्या आधी नाकाला कळतात. पर्यटक रुमाल काढतात. आमची आई खिडकी उघडते. उजवीकडे चौकला गेलात तर धारावीच्या किल्ल्याची जागा आहे. ही धारावी म्हणजे झोपडपट्टीची नव्हे, या अख्ख्या बेटाचंच ते नाव. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, म्हणजे १७३७ ते १७३९ मध्ये, हा किल्ला मोक्याचा होता, कारण वसईच्या खाडीचं तोंड इथून राखता येतं. तेव्हाही मुंबईच्या बाजूने इथे यायचं तर पाण्यातूनच यावं लागे. त्यानंतर फारसं काही बदललं नाही.

कंडक्टर लोक ओळखीचे झालेत. ‘आजी, मनोरी ना?’ असं विचारून आईला पुढच्या दाराजवळची सीट करून देतात. आईनेही एकाला सुके बांगडे दिले होते. तो म्हणाला, ‘आजी, मी माळकरी.’ आई म्हणाली, ‘मग बायकोला दे.’ त्याने घेतले.

या बसचं तिकीट आपण देतो त्यात ती चालत नाही. अशी कुठलीच शहर बस चालत नाही. बहुतेक ठिकाणी आता गाड्या ठेकेदाराच्या, त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो, तिकिटाचे पैसे पालिकेकडे येतात आणि मधली तूट पालिका आपल्या तिजोरीतून भरते. म्हणजे उत्तनच्या पुढे गोराई-मनोरीकडे बस जेवढे किलोमीटर धावते, त्यातल्या प्रत्येक किलोमीटरचा तोटा मीरा रोडच्या शांतीनगरमधला आणि भाईंदरच्या चाळीतला करदाता सोसतो. प्रवासी मात्र मुंबईचे. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या थोडी वर होती, मुंबईची सव्वा कोटीच्या घरात. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर गेलं, त्यातले एक हजार कोटी बेस्टला, म्हणजे मुंबईच्या बससेवेला, अनुदान म्हणून ठेवले. थोरल्याचं कुटुंब धाकट्याच्या पंगतीला जेवतंय असा हा प्रकार आहे, आणि धाकटा अजून कुरकुरलेला नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर माझे मीरा रोडचे दीर फोन करतील. बेस्टही हद्दीबाहेर जाते. ठाण्याला, वाशी-बेलापूरला आणि मीरा-भाईंदरलाही बेस्टच्या गाड्या वर्षानुवर्षं धावतात, आणि त्यांचा तोटा मुंबईकर भरतो. तेव्हा फिटंफाट झाली असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. बोरिवली ते भाईंदर हा भरगच्च मार्ग आहे, तिथे दोन्ही पालिकांच्या बसला माणसं मिळतात, शिवाय लोकल आहे, रिक्षा आहे. मनोरीला तरीखेरीज दुसरं काहीच नाही. दुपारी बसमध्ये पाच-सहा डोकी असतात. असल्या फेरीवर धाकट्या पालिकेने पैसे घालवावेत ही अपेक्षा तिच्या शेजारधर्मावर टाकून आपण गप्प बसतो. उद्या तिथल्या एखाद्या सदस्याने सभागृहात उठून विचारलं, की आपल्या पैशाने मुंबईची गावं का फिरवायची, तर त्याला उत्तर काय देणार? त्याचा प्रश्न रास्तच असेल.

९ मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. तेव्हा आमच्या मालाडच्या मालवणीत केवढी बोंब झाली. मनोरीत कोणी काही बोललं नाही, त्यांच्या रोजच्या जगण्यात बेस्ट फक्त मार्व्याच्या किनाऱ्यापर्यंत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ अ‍ॅप आलं. त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट, आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदरच्या बसही एकत्र आल्या. चांगली गोष्ट आहे, मी लोकल आणि बसचं तिकीट त्यात काढू शकते. पण तिकीट एकत्र आलं तरी तोटा ज्याचा त्याचाच राहिला. सगळ्या पालिकांची मिळून एक परिवहन संस्था करा ही चर्चा मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. ती होईल तेव्हा होवो. तोवर मुंबईने एवढंच करावं: मुंबईच्या हद्दीत मीरा-भाईंदरची बस जेवढे किलोमीटर धावते ते मोजावेत आणि तेवढी तूट भरून द्यावी. हिशोब अवघड नाही, बसमध्ये जीपीएस असतं. आणि पैसे दिले की हक्काने मागताही येईल. रात्रीची एखादी जादा फेरी मागता येईल, तर बंद असेल त्या दिवसांत वाढीव गाड्या मागता येतील. आज मनोरीकर कुठल्या तोंडाने मागणार? भाईंदरचा नगरसेवक त्याचा नाही, आणि त्याच्या नगरसेवकाची बस नाही. मनोरीत समुद्राचं पाणी गोडं करायचा, दिवसाला २० कोटी लिटरचा प्रकल्प मुंबईला हवाय. तेव्हा बरोबर हे गाव नकाशात सापडतं.

पाचपैकी मी साडेतीन देईन. एक पूर्ण कंडक्टरांसाठी, एक मार्गासाठी, एक ही बस मुळात आहे यासाठी, आणि अर्धा आईच्या हट्टाखातर. उरलेले दीड मुंबईकडून येणं आहेत.

जाणार असाल तर: चढण्याआधी पाटी वाचा आणि तरी कंडक्टरला विचारा. उत्तन, चौक, गोराई आणि मनोरी या वेगवेगळ्या दिशा आहेत, उत्तनच्या बसमध्ये बसलात तर पुढे रिक्षा शोधत बसाल. सुट्टे पैसे ठेवा, रेंज गावागावांत येते-जाते आणि तिकिटाचं अ‍ॅप नेमकं तेव्हाच फिरत राहतं. सप्टेंबरमध्ये उत्तनच्या वेलंकनी मातेच्या सणाच्या दिवसांत जाऊ नका, जायचंच असेल तर भल्या पहाटे. परतीची शेवटची फेरी कधी ते उतरतानाच विचारून घ्या. ती चुकली तर मनोरीची तर गाठा, मार्व्याहून मालाड स्टेशनला बेस्ट मिळते.