बॅक्लोफेन पंप: वर्षभर वापरल्यावर

बॅक्लोफेन, म्हणजे आखडलेले स्नायू सैल करणारं औषध, मणक्यात सोडणारा पंप बसवल्यापासून फोन करणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, पाय हलायला लागले का? नाही. डी-७ ला, म्हणजे छातीमागच्या सातव्या मणक्याला, मणका मोडला तेव्हा जे गेलं ते गेलं, पंपाने ते येत नाही आणि येईल असं मला कुणी सांगितलंही नव्हतं. पंप बसवला तो पाय आखडायचे म्हणून. या कामात त्याला मी चांगले गुण देईन, पण पैकीच्या पैकी नाही.

आखडणं म्हणजे नुसता कडकपणा नव्हे. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर मेंदूचा जो ब्रेक असतो तो दुखापतीनंतर सुटतो आणि खालच्या नसा आपल्या मनाने चालतात. व्हीलचेअरचं पुढचं चाक उंबऱ्याला लागलं की माझे दोन्ही पाय ताडकन सरळ व्हायचे आणि मी खुर्चीतून पुढे घसरायचो. लघवीसाठी नळी घालायची तर मांड्यांची कात्री व्हायची, बायकोने गुडघ्यांमध्ये उशी कोंबल्याशिवाय काम होत नसे. रात्री तर पांघरूण अंगावर टिकायचं नाही. पाय पोटाशी ओढले जायचे, परत सरळ व्हायचे, आणि पहाटेपर्यंत दोघांची झोप गेलेली.

गोळ्या होत्याच. बॅक्लोफेन वाढवत वाढवत दिवसाला ८० मिलिग्रॅमवर गेलो. पायांवर थोडा फरक पडला, डोक्यावर फार. माझं महा ई-सेवा केंद्र आहे. समोर माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा आणि मी की-बोर्डवर पेंगतोय, अशी तऱ्हा. तोंडाने घेतलेलं हे औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, आणि जिथे हवं त्या मज्जारज्जूपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. पंप हा रस्ता टाळतो. पोटाच्या कातडीखाली बसवलेली टायटॅनियमची चपटी डबी, तिच्यातून निघून कमरेला वळसा घालून मणक्यात गेलेली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाशी औषध थेट मणक्यातल्या पाण्यात. माझा सध्याचा डोस दिवसाला ३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. पंपाच्या २० मिलिलिटरच्या टाकीत एकूण ४० मिलिग्रॅम औषध मावतं, ते मला चार महिन्यांजवळ पुरतं. गोळ्यांच्या काळात याच्या दुप्पट मी रोज गिळत होतो!

मेव्हणा म्हणाला होता, असले नवे प्रयोग स्वतःवर कशाला करून घेता. नवं काही नाही यात. शिकागोच्या रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रॉइन यांनी १९८४ मध्ये मणक्यातल्या पाण्यात बॅक्लोफेन दिल्याचे निष्कर्ष छापले, आणि अमेरिकेच्या एफडीएने १९९२ मध्ये मणक्याच्या रुग्णांसाठी त्याला मंजुरी दिली. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हातपाय कडक झालेल्या मुलांनाही हा पंप बसवतात.

पंपाआधी चाचणी होते, आणि ही त्यातली सगळ्यात चांगली सोय. सकाळी पाठीत सुई घालून ५० मायक्रोग्रॅम औषध दिलं. तासाभरात मांड्या सैल पडायला लागल्या. फिजिओ येऊन गुडघे वाकवून आकडे लिहून जात होते. ॲशवर्थ नावाचं ० ते ४ असं मोजमाप असतं, त्यात मी ४ वरून १ वर आलो. मला मात्र आकड्यांपेक्षा वेगळंच लक्षात राहिलंय. बायकोने माझे पाय धरून मांडी घालून दिली, आणि ती मोडली नाही. अपघातानंतर प्रथमच मी मांडी घालून बसलो होतो. पलंगावरच दोघं त्या मांडीसमोर ताट ठेवून जेवलो. संध्याकाळपर्यंत औषध उतरलं आणि पाय परत लाकूड झाले.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. टाके, पोटपट्टा, आणि उठून बसलं की फुटेल असं वाटणारी डोकेदुखी. ती मणक्यातलं पाणी झिरपल्याने होते. काही दिवस आडवं पडून राहिल्यावर गेली. मी अंगाने बारीक असल्याने डबीची कड अजून हाताला लागते आणि पँटचा पट्टा नेमका तिच्यावर येतो. आता मी नाडीचीच पँट घालतो.

खरी परीक्षा पुढे होती, डोसची. सुरुवातीला डोस वाढवत नेला तसा मी खूश, घरचे खूश. मग एका सकाळी बायकोने नेहमीसारखं मला पलंगावरून उभं करून खुर्चीत वळवायला घेतलं, आणि माझे पाय अंगाखाली दुमडले. आतापर्यंत मी उभा राहत होतो तो त्या आखडण्यावरच! ज्या कडकपणाला रोज शिव्या घालत होतो तोच मला खुर्चीत नेऊन बसवत होता. कंबर आणि पाठही ढिली पडली, काउंटरमागे बसलो की एका बाजूला कलायचो. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी पंपाचं वेळापत्रकच बदललं: दिवसा कमी, रात्री जास्त. पोटावर यंत्र टेकवून बाहेरूनच हे करतात, सुई नाही, टाके नाहीत. आता सकाळी पायांत उभं राहण्यापुरता ताठपणा असतो आणि रात्री पांघरूण जागेवर राहतं. या जागेवर यायला काही महिने गेले. 'पंप बसवला आणि पाय अजून कडकच आहेत' किंवा 'फारच गळाले' म्हणून सुरुवातीलाच निराश होणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की डोस लागायला वेळ द्या.

दुसरी गोष्ट कुणी आधी नीट सांगत नाही. आखडणं हा शरीराचा भोंगाही असतो. लघवीला इन्फेक्शन झालं, पोट साफ नाही, नख आत वाढलं, बुडाला जखम होतेय, काहीही झालं की पाय जास्त उडायचे आणि आम्ही शोधाशोध करायचो. पंपाने हा भोंगा बारीक झाला. म्हणून रोज रात्री आरसा घेऊन टाचा आणि माकडहाड पाहणं आता सक्तीचं आहे.

आणि रिफिल. टाकी कोरडी पडू द्यायची नाही, याला पर्याय नाही. औषध अचानक थांबलं तर आधी खाज सुटते, पुरळ मात्र नसतं, पाय पूर्वीपेक्षा वाईट आखडतात, ताप चढतो, माणूस बरळायला लागतो, आणि जीवही जाऊ शकतो. गोळ्या घरात ठेवल्यात, पण पंपाची भरपाई गोळ्यांनी पुरती होत नाही. अशा वेळी थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. उलट डोस जास्त झाला तर गुंगी येते, श्वास मंदावतो. माझ्या खुर्चीच्या पाठीला पंपाची सगळी माहिती लिहिलेलं कार्ड मराठी आणि इंग्रजीत अडकवलंय, कारण तालुक्याच्या डॉक्टरांनी हा पंप पाहिलेला असेलच असं नाही. एमआरआयच्या चुंबकाने माझा पंप तात्पुरता थांबतो, म्हणून तपासणीनंतर तो परत चालू झालाय ना हे यंत्राने बघून घ्यावं लागतं.

रिफिलला आम्ही कराडहून पुण्याला जातो. कातडीतून सुई डबीच्या मधल्या रबरी पडद्यात घालतात, उरलेलं औषध काढतात, नवं भरतात. चहा निवेपर्यंत उरकतं. त्रास प्रवासाचा आणि औषध वेळेत मागवण्याचा, आमच्या गावच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही.

खर्च काही लाखांत जातो आणि बॅटरी सहा-सात वर्षांत संपली की पंप बदलायचं ऑपरेशन परत. माझ्या विमा कंपनीने आधी दावा नाकारला, 'गोळ्यांनी भागत असताना' असं कारण देऊन. डॉक्टरांचं पत्र आणि चाचणीचे आकडे जोडल्यावर अर्धा दिला. ज्यांचा एकच हात किंवा एकच पोटरी कडक आहे त्यांनी इतक्या लांब जाऊ नये, तेवढाच स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन विचारून पाहावं. रिफिलला वेळेवर नेणारं माणूस नसेल त्यांनीही नको.

चाचणीला जाणार असाल तर स्वतःची व्हीलचेअर आणि सरकफळी (पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी) सोबत न्या. नुसतं पलंगावर पडून मोजमाप करून घेऊ नका. पाय सैल असताना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर जाऊन बघा, आणि कुठे अडतंय ते फिजिओला तिथल्या तिथे लिहून घ्यायला लावा.